चिमटा कोणाच्या पोटाला? (एका कमेंटला जरा लांब उत्तर)

तुमची कमेंट रागात लिहिलेली आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी माझ्या लेखात आयएमएफला (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणारी संस्था) उगाच व्हिलन केलंय, ऋण काढून सण करणाऱ्या देशांनी कधीतरी पोटाला चिमटा काढायलाच हवा, घरात उत्पन्न घटलं की आपणही खर्च कमी करतोच, आणि लोकशाहीत हे जमत नसेल तर एखादा खमका माणूस बसवावा. वर विचारलंय, "पर्याय सांगा ना, नुसतं रडू नका."

आता खर्च कापूच नका असं मी कुठेही म्हटलेलं नाहीये. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले तेव्हा पेट्रोलला रांगा होत्या, औषधं मिळत नव्हती, त्या अवस्थेत आयएमएफ आलाच नसता तरी कपात झालीच असती आणि बहुतेक जास्त वाईट झाली असती. माझा प्रश्न एवढाच की चिमटा कोणाच्या पोटाला, आणि ते ठरवतं कोण. तुम्ही याला गणित समजताय, मला ते पूर्ण राजकारण दिसतं.

श्रीलंकेचंच बघा. "फुकट वाटलं म्हणून बुडाले" असं तुम्ही लिहिलंय. पण २०१९ च्या शेवटी गोटाबया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या आल्या त्यांनी व्हॅट (वस्तू-सेवांच्या विक्रीवरचा कर) १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, आणि व्हॅटच्या नोंदणीची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाख श्रीलंकन रुपयांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर नेली. म्हणजे चांगले मोठे धंदेसुद्धा कराच्या जाळ्यातून बाहेर. ही खैरात गरिबांना नव्हती हो. मग कोविडने टुरिझम बसला, तिजोरी रिकामी झाली, आणि वसुलीची वेळ आली तेव्हा तोच व्हॅट जानेवारी २०२४ पर्यंत १८ टक्क्यांवर गेला. का, तर व्हॅट लगेच गोळा होतो, दुकानात बिल फाडलं की आला, श्रीमंतांच्या मिळकतीवर कर लावायचा तर नोंदी लागतात, अधिकारी लागतात, कोर्टकज्जे होतात, आणि मुख्य म्हणजे ती माणसं मंत्र्याला फोन करू शकतात.

अजून एक, ज्यावर मला खरंच चीड येते. २०२३ मध्ये श्रीलंकेत देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली, म्हणजे परतफेडीच्या अटी बदलल्या, तेव्हा बँकांकडचे सरकारी बाँड (कर्जरोखे) त्यातून वगळले, बँका आधीच अडचणीत आहेत या कारणाने, आणि भार टाकला पेन्शन फंडांवर, म्हणजे मुख्यतः नोकरदारांच्या ईपीएफवर. बँक कोसळली तर सगळेच बुडतात हे मान्य, पण कामगाराच्या म्हातारपणाचे पैसे कमी परताव्यात अडकले तर त्या दिवशी कुठे रांग लागत नाही. ज्याचं नुकसान उशिरा दिसतं त्याच्यावर आधी टाकायचं, हे कुठल्या अर्थशास्त्रात लिहिलंय?

घराच्या उदाहरणाबद्दल. मी घरखर्च कमी केला म्हणून माझा पगार कमी होत नाही, सरकारने केला तर ज्यांच्याकडून कर येतो त्यांचंच उत्पन्न घटतं, जीडीपी (देशाचं एकूण उत्पन्न) घसरतो आणि त्याच्या तुलनेत कर्जाचं प्रमाण कपात करूनही म्हणावं तसं खाली येत नाही. हे माझं शहाणपण नाही, आयएमएफचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ब्लांशार यांनी २०१३ मध्ये डॅनियल ली यांच्यासोबत युरोपबद्दल दाखवलं होतं, की कपातीने वाढीला किती फटका बसेल याचा अंदाज कमी धरला गेला.

खमक्या माणसाचं तर राहूच द्या. इंडोनेशियात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो होते की, तीस वर्षांहून जास्त खुर्चीवर, लष्कर हातात. मे १९९८ च्या सुरुवातीला इंधनाचे भाव वाढवले आणि २१ मे ला राजीनामा. आधीच धुमसत होतं हे खरं, पण खमकेपणाने काही वाचलं नाही.

इंधन सबसिडीचा जास्त फायदा गाडीवाल्यांना होतो हे तुमचं म्हणणं मात्र अगदी बरोबर. पण भाव रात्रीत वाढतो आणि गरिबांना द्यायची मदत याद्या बनवण्यात अडकते. इक्वाडोरमध्ये ऑक्टोबर २०१९ ला मोरेनो सरकारने सबसिडी एका आदेशाने काढली आणि दोन आठवड्यांत आदेश मागे घ्यावा लागला, म्हणजे बचतही गेली आणि पतही.

पर्याय विचारलात ना, मग जमैका बघा. २०१३ च्या आसपास कर्ज जीडीपीच्या १४० टक्क्यांच्या वर. व्याजाचा खर्च सोडून जीडीपीच्या साडेसात टक्के शिल्लक काढायचं टार्गेट होतं, म्हणजे कपात भयंकरच, शिक्षक-नर्सेसचे पगार गोठलेले, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण सरकार, युनियन, उद्योग सगळे आधी एका करारावर आले, पैसा कुठे चाललाय ते बघायला सरकारबाहेरच्या लोकांचीही समिती नेमली जी जाहीरपणे हिशेब मांडायची, आणि २०१६ ला सरकार बदललं तरी धोरण टिकलं. दहा वर्षांत कर्जाचं जीडीपीशी प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. वेळखाऊ आहे, पण चालतं.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, "मग कर्ज देणाऱ्यांनी काय पाप केलं?" पाप काही नाही. केनियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉलर बाँड काढले त्याला पावणेदहा टक्के व्याज द्यावं लागलं. एवढं व्याज कशाचं असतं, तर पैसे बुडू शकतात या जोखमीचंच ना? मग जोखीम खरी ठरली की तोटाही पटकन वाटून घ्यायला हवा. झांबियाने नोव्हेंबर २०२० ला हप्ता चुकवला, बाँडधारकांशी तडजोड पूर्ण व्हायला जून २०२४ उजाडला, आणि मधल्या साडेतीन वर्षांत तिथल्या लोकांनी काय करायचं होतं ते तुमच्या कमेंटमध्ये मला सापडलं नाही.