फ्रीझर आणि खाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, आमच्या आजारी पाळीव कासवाला, लाल कानाच्या स्लायडरला, डॉक्टरांकडून शांत मरण दिलं, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘कूर्मावताराला सुई टोचून मारणारे तुम्ही कोण? खाडीत सोडायचं होतं. नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवायचं, थंड रक्ताचा जीव, झोपेत गेला असता. माझ्या नातवाकडेही असंच कासव आहे.’ देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला मीही हात जोडतो, म्हणून राग आला नाही. पण फ्रीझरचं सोडून देता येत नाही. पुष्कळांना हाच सल्ला मिळतो.

थंडीने कासव सुस्त होतं, बेशुद्ध नाही. दीड किलोचं अंग गारठायला कितीतरी तास जातात, आणि तोवर अंगात बर्फाचे कण धरू लागतात. हलत नाही म्हणून दुखत नाही, असं आपण धरून चालतो. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं घरच्या फ्रीझरला मान्यता देत नाहीत. मान तोडणंही एकट्याने पुरत नाही. या जिवांचा मेंदू प्राणवायूशिवाय बराच वेळ तग धरतो, त्यामुळे तुटलेलं डोकंही काही काळ जाणतं असू शकतं.

चिपळूणच्या डॉक्टरांनी काय केलं ते सांगतो. आषाढातला पाऊस, गुहागरपासून टॉवेलात गुंडाळून नेलेलं. आधी त्यांनी कासवाला ऊब दिली, कारण गार अंगात औषध चढत नाही. मग पुढच्या पायात भुलीचं इंजेक्शन. अर्धा तास आम्ही गप्प. पाय चिमटून पाहिला, डोळ्याला कापसाची वात लावून पाहिली. काहीच हाललं नाही, तेव्हा दुसरं औषध, जीव घेणारं बार्बिट्युरेट. त्यानंतरही डॉप्लरवर, म्हणजे ठोके ऐकायच्या यंत्रावर, हृदयाची धडधड ऐकू येत होती. मी दचकलो. डॉक्टर म्हणाले, ‘हृदय चालू राहतं, त्यावर जाऊ नका.’ शेवटी भुलीतच मेंदूत सुई फिरवली, परत शुद्ध येण्याची शक्यताच राहू नये म्हणून.

खाडीचं म्हणाल तर वेळासला समुद्रात सोडतात ती ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं. आपलं लाल कानाचं स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं, गोड्या पाण्यातलं. खाडीत ते हाल होऊन मेलं असतं. विहिरीत किंवा तळ्यात सोडायचं तर निरोगी स्लायडर इथल्या कासवांच्या मुळावर येतं. मेल्यावरही उघड्यावर टाकायचं नाही. औषध अंगात राहतं, घार किंवा कुत्रा खाऊन मरू शकतो. मी माडाखाली कमरेइतका खड्डा खणला, वर चिरे ठेवले.

जाब विचारायचा तो दुसराच होता, तो तुम्ही विचारलाच नाहीत. त्याचं कवच पापडासारखं दबू लागलं, मागचे पाय ओढत चालू लागलं, ते माझ्यामुळे. मुंगसाच्या भीतीने टब वर्षानुवर्षं पडवीत, खिडकीच्या काचेआड. हाडांना कॅल्शियम धरायला लागणारे उन्हातले किरण काचेतून येत नाहीत. हे मला शेवटच्या तीन आठवड्यांत कळलं, आणि तेही मी ‘बरं होईल’ म्हणत घालवले.

नातवाच्या कासवाचा टब उघडीप मिळेल तेव्हा अंगणात काढा. वर जाळी, अर्ध्यावर सावली, चढून बसायला एक चिरा.