ओरॅकल डेक आपणच निवडावा, आणि डोळे उघडे ठेवून

ओरॅकल कार्डे म्हणजे मार्गदर्शनासाठी किंवा भविष्य पाहण्यासाठी काढायची चित्रांची आणि वाक्यांची कार्डे, आणि त्यांचा संच म्हणजे डेक. त्यांविषयी कुतूहल असलेल्या बहुतेकांपर्यंत एक संदेश कधी ना कधी पोहोचतोच. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र ठरलेला असतो: डेक तुम्ही निवडत नाही, डेक तुम्हाला निवडतो. म्हणून पहिला डेक विकत घेऊ नये, तो भेट म्हणूनच यावा. तसा योग नसेल तर ज्या खोक्याकडे हात आपोआप जाईल तो उचलावा आणि आतली कार्डे आधी पाहू नयेत. पहिल्या आठवड्यात एखादे कार्ड पुन्हा आले की डेक आपलाच आहे असे समजावे. ओरॅकलमध्ये वाईट कार्डे नसतात, तेव्हा निवड चुकण्याची भीती नाही. आणि एकदा घेतलेल्या डेकला दुसऱ्याचा हात लागू देऊ नये. या साऱ्याला वजन यावे म्हणून ‘ही प्राचीन परंपरा आहे’ असेही शेवटी जोडलेले असते.

कार्डांतून भविष्य कळते की नाही, हा वाद मी इथे उकरून काढणार नाही. स्वतःच्या मनाचा ठाव घेण्यासाठी कार्डे वापरणारे पुष्कळ आहेत आणि मीही ती त्याच हेतूने वापरते. माझा आक्षेप निवडीविषयीच्या या सल्ल्याला आहे. डेकमध्ये जी वाक्ये आणि जी चित्रे छापलेली आहेत, त्यांतूनच आपल्याला काही सुचणार असते. म्हणजे डेक घेताना आपण पुढच्या उत्तरांची हद्दच आखून घेत असतो. असे काम नशिबावर सोडून द्या म्हणणाऱ्या सल्ल्याची तपासणी व्हायला हवी.

प्राचीनतेचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे सारे त्याच्या आडोशाने उभे आहे. भविष्यकथनाच्या कार्डांतला सर्वांत परिचित प्रकार असलेला टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ होता. त्याचा उगम प्राचीन इजिप्तमध्ये आहे, हे अंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये मांडले. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती, ती उलगडायला 1822 साल उजाडावे लागले. लनॉर्मां या नावाने विकल्या जाणाऱ्या छत्तीस कार्डांची कुळकथा तर याहून गमतीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूरेंबर्गमध्ये योहान कास्पर हेख्टेल याने तयार केलेला तो घरगुती खेळ होता. कार्डे सहा-सहाच्या सहा ओळींत मांडायची, फासे टाकायचे आणि सोंगट्या पुढे सरकवायच्या. मारी आन लनॉर्मां ही पॅरिसमधली प्रख्यात भविष्यवेत्ती 1843 मध्ये वारली आणि त्यानंतर प्रकाशकांनी तिचे नाव या कार्डांना चिकटवले. आज ज्यांना आपण ओरॅकल डेक म्हणतो, म्हणजे चित्रकाराने किंवा लेखकाने स्वतःच्या कल्पनेने विषय, संख्या आणि अर्थ ठरवून काढलेले संच, ते बहुतांशी गेल्या काही दशकांतले आहेत. नवे असण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त प्राचीन नियमांचे ओझे त्यांच्यावर लादता येत नाही.

पहिला डेक भेटच मिळाला पाहिजे, हे त्यांतले सर्वाधिक पसरलेले आणि सर्वाधिक कच्चे विधान आहे. भेट देणाऱ्यानेही तो विकतच घेतलेला असतो, आणि घेताना त्याने स्वतःची आवड लावलेली असते. भविष्यकथनाच्या कार्डांचा इतिहासही विक्रीचाच इतिहास आहे: एतेया या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गृहस्थाने 1770 मध्ये साध्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचे पुस्तक छापले आणि पुढे खास या कामासाठी टॅरोचा संचही बाजारात आणला, पामेला कोलमन स्मिथ हिने चितारलेला आणि आजही सर्वांत परिचित असलेला टॅरो डेक 1909 मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाने विक्रीसाठीच काढला. कोणी प्रेमाने डेक दिला तर तो जरूर वापरावा. कोणी देईल म्हणून वर्षभर वाट पाहत बसण्याचे मात्र काही कारण नाही.

‘आतली कार्डे पाहू नका’ हा सल्ला मला खरोखर नुकसान करणारा वाटतो. टॅरोच्या बाबतीत तो एक वेळ खपून गेला असता, कारण तिथे अठ्ठ्याहत्तर कार्डांची चौकट ठरलेली आहे. बावीस महत्त्वाने मोठी मानलेली, छप्पन्न लहान मानलेली, आणि एका डेकसाठी वाचलेले पुस्तक दुसऱ्या डेकला बऱ्याच अंशी चालते. ओरॅकलला अशी सामाईक चौकटच नाही. कोणात छत्तीस कार्डे, कोणात चव्वेचाळीस, कोणात चौसष्ट. कोणात प्राणी, कोणात चंद्राच्या कला, कोणात नुसती वाक्ये. अर्थासाठी भिस्त सोबतच्या पुस्तिकेवर आणि कार्डावरच्या चित्रावर असते, आणि नेमक्या याच दोन गोष्टी न पाहता घ्या असे हा संदेश सांगतो.

खोके उघडता येत नसेल तर त्या डेकची सगळी कार्डे एकेक करून दाखवणारे व्हिडिओ सहज सापडतात. ते आवाज बंद करून पाहावेत, कारण सादर करणाऱ्याचा उत्साह संसर्गजन्य असतो. पाहताना चित्रात घटना आहे की नुसता साज आहे, हे तपासावे. एखाद्या कार्डावर पाठमोरी बाई अर्धवट उघड्या दारापाशी थांबलेली असेल, तर ती आत जाते आहे की बाहेर, दार तिने उघडले की दुसऱ्या कोणी, असे प्रश्न पाहणाऱ्याला पडतात आणि त्यांची उत्तरे दर खेपेला वेगळी येतात. त्याच जागी जांभळ्या ढगांवर सोनेरी अक्षरांत ‘विश्वास’ एवढेच छापलेले असेल, तर दहाव्या वेळी त्यात पाहण्याजोगे काही उरत नाही. पुस्तिकेतली निदान दोन-तीन कार्डांची पाने वाचून पाहावीत. प्रत्येक कार्डाचा अर्थ घुमून-फिरून ‘सारे ठीक होईल’ यावरच येत असेल, तर चव्वेचाळीस कार्डांच्या किमतीत आपण एकच कार्ड विकत घेत असतो.

शिवाय लोकप्रिय डेकच्या नकला ऑनलाइन राजरोस विकल्या जातात. त्यांची कार्डे बहुधा पातळ आणि आकाराने लहान असतात, रंग उडालेले असतात आणि छापील पुस्तिकेऐवजी एक क्यूआर कोड दिलेला असतो. आपोआप पुढे गेलेल्या हाताला हा फरक कळत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. चित्र मनाला भिडणे हा निवडीचा रास्त निकष आहे, कारण रोज ज्याच्याकडे पाहायचे ते आवडलेच पाहिजे. पण मनाला भिडण्यासाठी चित्र आधी डोळ्यांपुढे यावे लागते.

आता पुन्हा येणाऱ्या कार्डाविषयी. रोज डेक नीट पिसून एकच कार्ड काढायचे, असा क्रम धरू. चव्वेचाळीस कार्डांच्या डेकमध्ये आठवड्याभरात कोणते तरी कार्ड पुन्हा येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के आहे. ऐकून आश्चर्य वाटते, पण सात दिवसांतून दोन-दोन दिवसांच्या एकवीस जोड्या होतात आणि त्यांपैकी कोणतीही एक जुळली तरी आपण दचकतो. हेच कार्ड दोनदा येईल, असे आधी नाव घेऊन सांगितले असते, तर शक्यता एका टक्क्याच्या आसपास राहिली असती. संदेशात मात्र नाव घेण्याची अट नाही. दहा दिवस थांबले तर तीच शक्यता दोन-तृतीयांशावर जाते.

त्यातही, डेक जितका लहान तितकी ही खूण लवकर पटते. छत्तीस कार्डांच्या डेकमध्ये आठवड्याचे प्रमाण 46 टक्क्यांच्या घरात जाते, चौसष्ट कार्डांच्या डेकमध्ये ते 29 टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे ही कसोटी डेकशी असलेले आपले नाते मोजत नाही, खोक्यातल्या कार्डांची संख्या मोजते. पिसताना उडी मारून बाहेर पडणारे कार्डही खूण मानले जाते, त्याचेही असेच आहे. ओरॅकलची पुष्कळ कार्डे खेळायच्या पत्त्यांपेक्षा बरीच मोठी आणि गुळगुळीत असतात, हातात मावत नाहीत, त्यामुळे निसटतात. सोनेरी कडांची नवी कार्डे एकमेकांना चिकटून येतात आणि झटका बसला की जोडीने बाहेर पडतात. थोडे वाकलेले कार्ड असेल तर डेक कापताना बोट नेमके तिथेच अडते. पडलेले कार्ड वाचायला हरकत नाही, तेही आपल्याला विचाराला लावेलच. पण जो डेक सारखा सांडतो तो आपल्याशी बोलायला उतावीळ आहे, असे मानून घेण्याआधी तो आपल्या हाताला मोठा पडतो का, हे पाहावे.

वाईट कार्डे नसतात, हे विधान सरसकट खरे नाही. ओरॅकलच्याच रांगेत विकल्या जाणाऱ्या लनॉर्मां संचात शवपेटी आहे, कोयता आहे, उंदीर आहेत. मात्र अलीकडचे अनेक डेक ठरवून गोडच केलेले असतात, हे खरे, आणि संदेशातली सर्वांत मोठी दिशाभूल मला इथेच दिसते. जो डेक कधी नाही म्हणत नाही, त्याचे हो ऐकून काय कळणार? 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या अध्यापकाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक व्यक्तिचित्र दिले. सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, तोही बहुतांशी ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेला, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण दिले. ‘तू स्वतःला कमी लेखतोस’, ‘आता सोडून देण्याची वेळ आली आहे’ ही कार्डांवरची वाक्ये याच जातीची आहेत. ती अंगाला लागतात, कारण ती कोणाच्याही अंगाला लागतील अशीच बेतलेली असतात.

यावर एक साधी परीक्षा करता येते. मनात खरोखर घोळणारा प्रश्न घ्यावा, समजा नोकरी सोडावी का, आणि तीन कार्डे काढून त्यांचा अर्थ लिहून ठेवावा. मग त्याच तीन कार्डांवर ‘नोकरीत टिकून राहावे का’ हा प्रश्न लावून पाहावा. ‘प्रवाहाबरोबर वाहा’, ‘विश्व तुझ्या पाठीशी आहे’ अशी कार्डे दोन्ही प्रश्नांना सारख्याच जोमाने होकार देतील. याउलट ‘तू कोणाला उत्तर द्यायचे टाळतो आहेस?’ किंवा ‘हे ओझे तुला कोणी दिले?’ असे विचारणारे कार्ड होकारही देत नाही आणि नकारही. ते आपल्याला वहीकडे वळवते. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी 1975 मध्ये अडलेल्या कलाकारांसाठी सूचनांचा एक कार्डसंच काढला होता, त्यात भविष्याचा गंधही नव्हता, तरी तो आजवर वापरात आहे. वैयक्तिक मार्गदर्शनासाठी डेक हवा असेल, तर त्यात निदान काही कार्डे टोचणारी असावीत. ज्यांचा काळ आधीच कठीण चालला आहे त्यांना सौम्य डेक हवासा वाटतो, हे समजण्यासारखे आहे आणि त्यांनी तो घ्यावाही. फक्त धीर देण्यासाठी घेतलेल्या डेकला आजारपणाचे, पैशाचे किंवा नाते तोडण्याचे निर्णय विचारू नयेत.

दुसऱ्याचा हात लागू न देण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कार्डे छापखान्यात छापली, कापली आणि खोक्यात भरली जातात, म्हणजे ती आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच बरेच हात होऊन गेलेले असतात. स्वतःची वस्तू स्वतःपुरती ठेवावी, कापडात गुंडाळावी, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग आहे. पण या नियमाच्या पोटात एक भीती असते, की डेक दुसऱ्याला दिला किंवा टाकून दिला तर काही तरी बिघडेल, आणि त्या भीतीपोटी लोक न रुचणारे डेक वर्षानुवर्षे कपाटात ठेवतात. पाचव्या-सहाव्या बैठकीलाही प्रत्येक कार्डासाठी पुस्तिकाच उघडावी लागत असेल आणि चित्राकडे पाहून स्वतःचे काही सुचत नसेल, तर तो डेक मोकळ्या मनाने दुसऱ्याला द्यावा. देताना कार्डे पूर्ण आहेत ना ते मोजावे आणि पुस्तिका आठवणीने सोबत ठेवावी, कारण तिच्यावाचून ओरॅकल डेक नव्या माणसाच्या फारसा उपयोगी पडत नाही.