मेटालिका आली तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच!

मेटालिका या अमेरिकी हेवी मेटल बँडच्या पुढच्या स्टेडियम दौऱ्यात भारत असेल का, यावर सगळे तारखांचे अंदाज लढवतायत, पण मैदानाचा विचार कुणीच करत नाहीये. २०२३ पासूनच्या दौऱ्यात त्यांचं गोल स्टेज मैदानाच्या मधोमध असतं. आपल्या पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर किंवा नेरुळच्या डीवाय पाटील स्टेडियमवर तिथे नेमकी क्रिकेटची खेळपट्टी! म्हणजे आयपीएलचे सामने तिथे ठेवले तर मार्च ते मे बाद, पुढे सप्टेंबरपर्यंत पाऊस. शिवाय बऱ्याच शहरांत ते एका दिवसाच्या अंतराने दोन रात्री वाजवतात, एकही गाणं रिपीट न करता. त्यामुळे सलग मोकळा वीकेंड हवाच. माझा अंदाज नोव्हेंबर-डिसेंबर. २०११ ला बंगळुरूत येऊन गेले, आता पुण्याला द्या राव! गहुंजे एक्स्प्रेसवेला लागूनच आहे, मुंबईकरांनाही सोयीचं.