टिचकी मारून मुरानो कळत नाही
न्यूजर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने परवा ऑनलाइन लिलावात आठशे डॉलर मोजून छताला टांगायचा काचेचा दिवा घेतला. “१९६०च्या सुमारचा अस्सल मुरानो.” मुरानो म्हणजे व्हेनिसजवळचं काचकामासाठी नावाजलेलं बेट, आणि तिथली काचही. खात्री कशी केलीस विचारलं, तर ताईने फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्डच मला धाडला: ‘अस्सल मुरानो ओळखण्याच्या सात खुणा’. गणपतीपासून हा मी चार ग्रुपांवर पाहिलाय आणि गप्प बसलोय. चुकलंच माझं.

पहिली खूण: ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ (मुरानोची कलात्मक काच) हे चिन्ह असलेलं स्टिकर असेल तरच माल खरा. ताईच्या दिव्यावर ते आहे आणि ती त्यावरच भाळली. हे चिन्ह इटलीतल्या व्हेनेतो प्रांताच्या सरकारने १९९४च्या ७० क्रमांकाच्या कायद्याने आणलं. १९९४! साठ सालच्या दिव्यावर ते असणं म्हणजे शिवकालीन तलवारीवर आयएसआयचा शिक्का. दिवा तरी नंतरचा, नाहीतर स्टिकर तरी कुणीतरी मागाहून डकवलेलं. ताईने पैसे मोजले ते यातल्या कशासाठीच नव्हे. उलट बाजूने पाहा: हा नियम लावला तर व्हेनिनी, व्हिस्तोसी, मात्सेगा या मुरानोच्या कारखान्यांनी पन्नास-साठच्या दशकांत केलेला एकूणएक दिवा नकली ठरतो. १९६१च्या तुरीनच्या प्रदर्शनात वास्तुकार कार्लो स्कार्पाने व्हेनिनीच्या काचेचे बहुपैलू तुकडे जोडून अवाढव्य झुंबर टांगलं होतं, तेही नकली. आजीच्या घरातून निघालेले चांगले दिवे लोक याच नियमाने कवडीमोलाने काढून टाकतात, याचा मला जास्त राग आहे.

दुसरी आणि तिसरी खूण: टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद घुमतो, आणि खरी काच हाताला जड लागते. हे तर सरळसरळ उलटं. असा लांबणारा नाद आणि वजन ही शिसं घातलेल्या क्रिस्टलची लक्षणं. मुरानोची काच परंपरेने सोडा-चुन्याची. तिची घनता पाण्याच्या अडीचपटीच्या आसपास, शिशाच्या क्रिस्टलची तिप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे फॉरवर्डवाल्याने चाचणी दिली ती मुरानो नसलेली काच शोधायची.

चौथी, अतिनील टॉर्चखाली हिरवी चमक. ती काचेत मिसळलेल्या युरेनियमची. तशी काच बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, एकोणिसाव्या शतकापासून होतेय. पुढे.

पाचवी, बुडबुडे. बरं, इथे अर्धं खरं आहे. हाताने फुंकलेल्या काचेत बारीक बुडबुडा राहतो, एका दिव्याच्या दोन शेड तंतोतंत सारख्या नसतात. पण हाताने फिरोजाबादेतही फुंकतात. शिवाय मुरानोच्या ‘पुलेगोसो’ काचेत बुडबुडे मुद्दाम भरलेले असतात, म्हणजे ती चूक नव्हे, नक्षी. सहावी, बुडाशी, घडवताना काच धरायच्या लोखंडी दांडीचा व्रण. फुलदाणीवर शोधा हो. दोन्हीकडून उघडी, कडा कापून घासलेली शेड असेल तर तो कुठून मिळणार?

सातवी, सही. व्हेनिनीचा आम्लाने उमटवलेला शिक्का असतो खरा, पण तसा शिक्का आज कुणीही उमटवेल. बाकीच्यांचे कितीतरी दिवे सहीविनाच गेले. म्हणून तर विक्रेते दिसेल त्या दिव्याला मात्सेगाच्या नामवंत डिझायनरचं नाव लावून ‘कार्लो नासोन’ म्हणून मोकळे होतात.

आणि फॉरवर्डच्या शेवटी: ‘इटालियन काच म्हणजे मुरानोच.’ फोंताना आर्ते ही काचेच्या दिव्यांची नावाजलेली कंपनीही इटालियनच, पण मिलानची, १९३२ची.

खरं तर काचेआधी धातू बघावा. सांगाडा, तुकडे अडकवायचे आकडे, स्क्रू, होल्डर, आणि कंपनीच्या जुन्या कॅटलॉगशी ते जुळतं का. अमेरिकेत वायरिंग बहुतेकदा बदललेलं असतं, त्यामुळे नवी वायर म्हणजे नवा दिवा नव्हे. त्यातही अस्सल आणि जुनं या दोन गोष्टी आहेत. डिझायनर आंजेलो मांजारोत्तीने १९६७ साली व्हिस्तोसीसाठी काढलेली ‘जोगाली’, एकमेकींत अडकणाऱ्या काचेच्या कड्यांची, पुढेही बनत राहिली. अलीकडची जोगाली अस्सलच, फक्त साठच्या दशकातली नाही.

ताईकडून दिवा छताला जिथे टांगतात तिथल्या धातूच्या वाटीच्या आतला फोटो मागवलाय. दिवा परत करायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. काल फोनवर म्हणाली, “तू काहीही म्हण, पण टिचकी मारली की आवाज काय सुरेख घुमतो रे!”