आधी ठरवा, कोणती जागा सोडायची

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये आपण एका क्लबचे मॅनेजर होतो. त्यात नवा सेव्ह, म्हणजे नवा डाव, सुरू केला की बहुतेक जण आधी फॉर्मेशनला, म्हणजे खेळाडूंच्या मांडणीला, हात घालतात. ४-३-३ लावू, ४-२-३-१ लावू, की मधल्या बचावाला तीन सेंटर बॅक ठेवून बगलेतल्या विंगबॅकना मोकाट सोडू? मग रोल भरायचे, मेंटॅलिटी ‘पॉझिटिव्ह’वर टाकायची आणि स्पेसबार दाबत सुटायचं. लागोपाठ हरायला लागलो की इंटरनेटवरून कुणाची तरी ‘अजिंक्य’ टॅक्टिक उतरवून घ्यायची. मला हा क्रमच उलटा वाटतो. आपण गोल कसे करणार, हे नंतरचं काम. समोरच्याला मैदानातली कोणती जागा द्यायची, हे आधी ठरवायला हवं.

आणि द्यावी तर लागतेच. मोठ्या स्पर्धांचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. म्हणजे ७,१४० चौरस मीटर. गोलकीपर सोडून दहा जणांत वाटलं तर माणशी ७१४ चौरस मीटर. आम्हा ठाणेकरांना चौरस फुटांशिवाय काही कळत नाही, म्हणून सांगतो, साडेसात हजार चौरस फुटांच्या वर जातं. (घोडबंदर रोडला एवढा कार्पेट एरिया घेऊन दाखवा!) एवढी जागा एका माणसाला राखता येत नाही. दहा जणांना तुम्ही कसंही उभं करा, कुठेतरी भगदाड राहणारच. वर चढून प्रेस केलं, म्हणजे बॉल असलेल्याच्या अंगावर धावून गेलं, तर मागे राहतं, खाली बसलात तर पुढे राहतं आणि मध्ये गर्दी केली तर दोन्ही बगला उघड्या पडतात. चांगला मॅनेजर हे भगदाड आपल्याला परवडेल तिथे पाडतो.

गेममध्ये तयार मिळणाऱ्या स्टाइल्स मी याच नजरेने वाचतो. गेगेनप्रेस घेतलं की बचावफळी वर, प्रेस वर, बॉल गेला की तिथल्या तिथे हिसकावायला धावायचं, आणि त्याची किंमत म्हणून आपल्या सेंटर बॅकच्या मागची सगळी जागा मोकळी. कॅटेनाचो ही जुनी इटालियन बचावाची शैली याच्या बरोबर उलट. मॅनेजर हेलेनियो हेरेराच्या इंटर मिलानने १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप नेले. मागची जागा काही केल्या द्यायची नाही हा त्यांचा हट्ट होता, म्हणून बचावफळीच्याही मागे पिक्की स्वीपर म्हणून उभा असायचा. तिथे एक माणूस जास्तीचा ठेवला की पुढे कुठेतरी एक कमी पडणार, हा हिशोब हेरेराला कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात धडधडीत पुरावा इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेल्या लेस्टर सिटीचा. २०१५-१६ चा तो सीझन सगळ्यांना वार्डीचे २४ आणि महरेझचे १७ गोल म्हणून आठवतो. मला आठवतात त्यांचे सेंटर बॅक वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हुथ. दोघेही आडदांड, हवेतल्या बॉलला बाप, आणि धावण्यात मात्र बेताचेच. मॅनेजर रानिएरीने या दोघांना हाफ लाइनपर्यंत चढवलं नाही. संघ खाली बसवला, आत आवळला आणि बगला देऊन टाकल्या. या, बगलेतून गोलपुढे उंच क्रॉस मारा, हवे तेवढे मारा. हुथ आणि मॉर्गन ते डोक्याने परत पाठवत राहिले, मध्ये मिडफिल्डर कांते सुटलेले बॉल वेचत राहिला आणि तिथून एक लांब पास वार्डीच्या पुढे. ८१ गुण, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा दहा जास्त, अख्ख्या लीगमध्ये फक्त तीन पराभव. तेही साध्या ४-४-२ वर, ज्याला गेममधले पंडित जुनाट म्हणून नाकं मुरडतात.

आता माझ्या भाच्याकडे येतो. राहतो खारघरला, इंजिनिअरिंगला आहे, अजून फुटबॉल मॅनेजर २४ वरच खेळतो. (२५ आलाच नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला.) गणपतीत आमच्याकडे ठाण्याला आला तो लॅपटॉप घेऊनच. इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनमधला क्लब, उतरवलेली टॅक्टिक, टेबलमध्ये तळाकडून शोधायला लागावं अशी अवस्था.

‘मामा, टॅक्टिक एक नंबर आहे, तू रिव्ह्यू वाच. माझे प्लेअर्सच भंगार आहेत.’

मी म्हटलं, सेंटर बॅक दाखव. पहिला उघडला. गेममध्ये प्रत्येक गुण १ ते २० मध्ये मोजतात. याचं हेडिंग १४, जम्पिंग रीच १५, पेस (धावण्याचा वेग) ८, ॲक्सलरेशन ७. दुसरा त्याचाच जुळा भाऊ शोभेल असा. आणि टॅक्टिकमध्ये बचावफळी ‘मच हायर’. म्हणजे या दोघांच्या मागे जवळजवळ अर्धं मैदान मोकळं, आणि शर्यत लावायची पेस १५ वाल्या पोरासोबत.

मॅच लावली. मी वरून दिसणारे ठिपकेच लावून बघतो, थ्रीडीमध्ये माणसं हातवारे करतात त्याकडेच लक्ष जातं. तासभराचा खेळ झाला असेल. आमचा उजवा बॅक प्रेस करायला वर गेला. बॉल त्याच्या डोक्यावरून मागे आला. सेंटर बॅकचा ठिपका वळायला लागला, त्यांच्या स्ट्रायकरचा ठिपका तोवर शेजारून निघूनही गेला. गोलकीपर दोन पावलं पुढे आला, थबकला, परत मागे. गोल. भाच्याने स्पेसबारवरचा हात काढून मोदक उचलला. ‘बघितलंस? प्लेअर्स भंगार.’

‘अरे, भंगार नाहीत. यांना बॉक्समध्ये उभं कर, डोक्यावर येईल तो प्रत्येक बॉल काढतील. लाइन खाली घे, रुंदी कमी कर.’

‘मग त्यांचे बगलेतले विंगर मोकळे सुटतील ना!’

‘सुटू दे. तीच जागा द्यायची.’

त्याने लाइन खाली घेतली खरी, पण समोरच्या विंगरला बॉल मिळाला की याचा हात टचलाइनवरून प्लेअर्सना ओरडून सूचना देण्याच्या त्या बटणाकडे जायचा. ‘मामा, बघवत नाही रे. नुसते क्रॉसवर क्रॉस मारतायत.’ मला वाटतं टॅक्टिक निवडण्यातली खरी अडचण इथे आहे. कागदावर बगला देणं सोपं असतं. तिथे त्यांचा माणूस निवांत बॉल घेऊन उभा असताना शांत बसणं जमत नाही. मग पाऊण तासाला आपण एक सूचना बदलतो, तिने दुसरीच जागा उघडते, ती झाकायला तिसरी बदलतो, आणि शेवटी आपण नेमकं काय सोडलं होतं हेच लक्षात राहत नाही.

यात मेंटॅलिटीचा मोठा हात असतो, आणि लोक तिला नुसतं ‘आक्रमक की बचावात्मक’ एवढंच समजतात. एक गोल मागे पडलो, कर ‘अटॅकिंग’. पण ती एक पायरी वर नेली की टेम्पो, रुंदी, बचावफळीची उंची, पास देताना घेतलेली जोखीम, सगळंच थोडं थोडं सरकतं. तुम्ही हात एका ठिकाणी लावलेला असतो आणि हलतात चार गोष्टी. म्हणून मी गोल हवा असेल तर आधी मेंटॅलिटीला हात लावत नाही. एखाद्याच माणसाचा रोल बदलतो. उघडणारी जागा तरी माझ्या ओळखीची राहते.

प्रेसिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण सध्या सगळ्यांना तेच हवं असतं. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू चढाईवाल्याचा पाय धरायला पुढे झेपावतो, तेव्हा साखळीतल्या बाकीच्यांनी त्याच क्षणी आत यायचं असतं. ते अर्धा क्षण उशिरा आले तर चढाईवाला मधली रेषा गाठतो, आणि बाद होतो तो एकट्याने झेपावलेला. प्रेसिंगचं अगदी हेच. पुढचे तिघे धावले आणि मधले तिघे चालत आले, तर तुम्ही प्रेस केलेलं नसतं, स्वतःची फळी दोन तुकड्यांत कापून दिलेली असते. म्हणून प्रेस लावण्याआधी स्ट्रायकरचं फिनिशिंग बघत बसू नका. वर्क रेट, स्टॅमिना, टीमवर्क, ॲग्रेशन हे चार कॉलम स्क्वॉड स्क्रीनवर काढा आणि सबस्टिट्यूट धरून बघा. पहिल्या अकरात ठीक असतं आणि बाकावर बसलेल्यांत सगळे ८ आणि ९ निघतात, हे कितीतरी वेळा दिसतं.

आपल्या मुंबई सिटीचं उदाहरणही घेण्यासारखं आहे. २०२०-२१ ला मॅनेजर सर्जिओ लोबेराच्या या संघाने इंडियन सुपर लीगची लीग शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. ते मागून छोटे पास देत खेळायचे, म्हणजे स्वतःच्या बॉक्सपुढेच समोरच्याला बोलावून घ्यायचे. ही जागा देणं म्हणजे जिवाशी खेळ. पण त्यांच्याकडे अहमद जाहू होता. खाली येऊन बॉल घ्यायचा आणि प्रेस अंगावर आला की लांब तिरका पास पलीकडच्या बगलेला. असा माणूस नसताना नुसतं ‘प्ले आउट ऑफ डिफेन्स’ टिक केलं की काय होतं, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

आकड्यांच्या बाबतीतही हीच नजर लागते. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल नेरूळला डी. वाय. पाटीलवर झाली, तेव्हा या भाच्याला घेऊन गेलो होतो. शाळेत होता, मालीची पोरं शॉट मारत सुटली की उभा राहून ओरडायचा. शॉट मालीचे जास्त, आणि मॅच स्पेनची ३-१. (मालीचा एक शॉट क्रॉसबारला लागून आत पडला होता, तो दिला नाही, हेही खरं.) मॅचनंतरच्या स्क्रीनवर ‘शॉट्स’ हा आकडा बघून हळहळणाऱ्यांना मी ही मॅच सांगतो. समोरच्याने तीस यार्डांवरून पंधरा शॉट मारले असतील, तर तुम्ही दिलेली जागा बहुधा बरोबर होती. सहा यार्डांवरून तीनच मारले असतील, तर नव्हती.

मॅनेजर हान्सी फ्लिकची बार्सिलोना बघताना मला नेहमी मजा वाटते, कारण इतक्या उघडपणे जागा सोडणारा संघ विरळाच. बचावफळी हाफ लाइनला, मागे सगळं रान मोकळं, भिस्त ऑफसाइडवर, म्हणजे बचावफळीच्या मागे आधीच जाऊन उभ्या असलेल्याला पास चालत नाही या नियमावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिआल माद्रिदला त्यांच्याच घरी ४-० ने हरवलं, त्यांचा स्ट्रायकर एम्बापे पुन्हा पुन्हा ऑफसाइड. त्याच सीझनला चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये इंटरने दोन मॅच मिळून सात गोल टाकले आणि बार्सिलोना ६-७ ने बाहेर. रात्री साडेबाराला लावून पहाटेपर्यंत बघितलेली ती दुसरी मॅच. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, फ्लिक वेडा आहे. मला तो वेडा वाटत नाही. आपण काय सोडलंय हे त्याला पक्कं माहीत असतं आणि एक रात्र महागात गेली म्हणून तो ते बदलत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या फुटबॉल मॅनेजर २६ मध्ये बॉल आपल्याकडे असतानाचं फॉर्मेशन वेगळं आणि नसतानाचं वेगळं लावता येतं. मला हा बदल मनापासून आवडला. आता बॉल नसतानाचा स्क्रीन समोर येतोच. मी आधी तोच भरतो, दुसरा नंतर.

भाच्याचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. तो म्हणतो, ‘मामा, हे सगळं खऱ्या फुटबॉलला ठीक. गेममध्ये गेगेनप्रेस कुणालाही चालतं.’ गेमच्या बऱ्याच आवृत्त्यांत खेळणाऱ्यांची हीच तक्रार राहिली आहे, आणि माझाही अनुभव तसाच. गेम खऱ्या मैदानाइतकी शिक्षा करत नाही. ज्याला फक्त ट्रॉफ्या गोळा करायच्यात त्याने ते खुशाल वापरावं. पण इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनला लीगच्याच ४६ मॅच असतात, वर कप वेगळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, आठवड्याला दोन मॅच पडायला लागल्या की तीच टॅक्टिक आणि तीच पोरं साठाव्या मिनिटाला धापा टाकत असतात. तेव्हा उतरवलेल्या टॅक्टिकवाल्याला काय बदलायचं ते सुचत नाही, कारण तिने कोणती जागा सोडली होती हे त्याने कधी बघितलेलंच नसतं.

तेव्हा मंडळी, मला स्क्रीनशॉट जरूर पाठवा, पण नुसता टॅक्टिकचा नको. शेवटचे दहा खाल्लेले गोल एकामागोमाग एक लावून बघा, प्रत्येक वेळी बॉल कुठून आत आला ते लिहून काढा, आणि सोबत दोन्ही सेंटर बॅकचा पेस टाका. त्याशिवाय ‘दादा, फॉर्मेशन सुचवा’ या कमेंटला उत्तर मिळणार नाही.