दगडातले शंख महापुरात वाहून आलेले नाहीत

समुद्रापासून लांब खडकात रुतलेल्या शंखांचा फोटो आणि खाली मजकूर: काही हजार वर्षांपूर्वी एकाच महापुरात सारी पृथ्वी बुडाली, त्या लोंढ्याने हे शंख आणून टाकले आणि ते झटपट दगड झाले. हा दावा जिथे सहज तपासता येतो ती जागा म्हणजे पॅरिसभोवतीची साडेचार कोटी वर्षे जुनी चुनखडी.

शंख वाहून आले म्हणावे, तर पॅरिसजवळच्या ग्रिन्यों इथले शंख पाहा. तिथला थर भुसभुशीत आहे, त्यामुळे शंख सुटे निघतात. अंगावरच्या बारीक रेघा, नाजूक टोके शाबूत असतात. काहींवर एकच गोल भोक दिसते, बाहेरून रुंद, आत निमुळते. शिकारी समुद्री गोगलगाय असे भोक पाडून आतला जीव खाते आणि त्याला तिला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. धो धो लोंढ्यात हे होत नाही. हे जीव उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी तिथेच जगले आणि मेले.

झटपट दगड झाले, हेही टिकत नाही. कॅम्पनाईल जायगँटियम ही हातभर लांबीची गोगलगाय पॅरिसच्या बांधकामाच्या दगडात अनेकदा नुसत्या मळसूत्री साच्याच्या रूपात भेटते. आधी शंखात गाळ भरून घट्ट झाला, मग शंख विरघळला, तेव्हाच असा साचा उरतो.

एकच पूर हा तर दाव्याचा सर्वांत कच्चा भाग. क्युव्हिए आणि ब्राँन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1808 मध्येच दाखवले की इथे खाऱ्या आणि गोड्या पाण्याचे थर आलटून पालटून येतात. समुद्री चुनखडीच्या वर पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीचे जिप्सम आहे. मूर्तींमुळे आपल्याला ठाऊक असलेले प्लास्टर ऑफ पॅरिस त्यापासूनच करत. खारे पाणी आटत गेले की जिप्सम साचते. त्यात जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांची हाडे सापडली आणि त्याच्याही वर पुन्हा समुद्री थर आहेत. पाणी आले, आटले, परत आले.

एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्री जीवांचे अवशेष आहेत, हा दाखलाही हटकून दिला जातो. तिथली चुनखडी 40 कोटींहून अधिक वर्षे जुना समुद्रतळ आहे. भारतीय भूखंड आशियाला धडकला आणि तो तळच वर उचलला गेला; पाणी तिथवर चढले नव्हते.

आणि आपल्या नागपूरजवळ, टाकळीला, दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात गोगलगायींचे जीवाश्म मिळाले, ते गोड्या पाण्यातल्या फायसा या गोगलगायीचे. म्हणजे खडकातला प्रत्येक शंख समुद्राचाही नसतो.