एपीएन हे एकच दार नाही
लेखात टीजीईव्ही आणि पीईडीव्ही हे डुकरांना जुलाब करणारे दोन्ही कोरोनाविषाणू एपीएन या ग्राहीवरूनच (म्हणजे विषाणू ज्याला चिकटतो त्या पेशीवरच्या प्रथिनावरूनच) डुकराच्या आतड्यातल्या पेशींत शिरतात, असं सरसकट म्हटलंय. टीजीईव्हीपुरतं ठीक. पण एपीएनचं जनुक निकामी केलेल्या डुकरांवरचा 2019 चा प्रयोग बघा: टीजीईव्हीची लागण झाली नाही, पीईडीव्हीची झालीच.

आणि ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराचा उल्लेखच नाही! प्रयोगशाळेत व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडातून घेऊन वाढवलेल्या पेशींवर) पीईडीव्ही वाढवताना त्याच्या बहुतेक स्ट्रेनना (उपप्रकारांना) ते लागतंच. विषाणू पेशीला चिकटल्यावर ट्रिप्सिन त्याच्या पृष्ठभागावरचं स्पाइक प्रथिन कापतं, मगच दोन्हींची पटलं एकजीव होतात. पेशी वाढवायच्या माध्यमात सीरम (रक्ताचा द्रव भाग) उरलं तर ट्रिप्सिन निष्प्रभ होतं, म्हणून पेशी आधी दोन-तीनदा धुवायच्या. उलट ट्रिप्सिन जास्त झालं की पेशीच तळापासून सुटतात, आणि नवशिका त्यालाच विषाणूचा परिणाम समजतो. खरी खूण म्हणजे अनेक केंद्रकं असलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या मोठ्या पेशी.